चुंबकाकडे सरकलेले कण

ता. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. तू लिहिलंयस की बाबा सगळ्यांना मी लोखंडाचं काहीतरी करते असं सांगत सुटलेत, आणि दवाखान्यात कुणी विचारलं की तुलाही धड सांगता येत नाही. म्हणून दात कोरता कोरता ऐकवता येईल इतक्या थोडक्यात लिही, अशी तुझी आज्ञा. तुझ्या श्रोत्यांचं एक बरं असतं, तोंड उघडं असूनही त्यांना मधे बोलता येत नाही. माझ्या श्रोत्यांना येतं.

तर पहिली गोष्ट, त्यात लोखंड नाही. फळ्यावर कागद धरून ठेवतो तो साधा लोहचुंबक घे. त्यात असंख्य अणू शेजाऱ्यांच्या आधाराने एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. त्याचे तुकडे करत गेलीस तर कधीतरी तुकडा इतका बारीक होतो की शेजार उरत नाही, आणि मग चुंबकपणाही टिकत नाही. आम्ही दुसऱ्या टोकाकडून निघतो. मँगनीजचे आणि डिस्प्रोझियम नावाच्या धातूचे मोजके अणू घ्यायचे, मधे मधे ऑक्सिजन घालून ते जोडायचे, आणि हा पुंजका शेजारच्या पुंजक्याला चिकटू नये म्हणून त्याच्याभोवती कार्बनी रेणूंचं पांघरूण घालायचं. साधलं तर असा एकेक रेणू एकटाच चुंबक असतो. पण भारी विसराळू. कडाक्याच्या थंडीत त्याला आपली दिशा आठवते, जराशी ऊब लागली की विसरला. ती थंडी द्रव हेलियमनेच मिळते, आणि हेलियम हल्ली मिळता मिळत नाही.

माझा नवा पुंजका मात्र विसरत नाही. द्रव हेलियम बाजूला ठेवून साध्या द्रव नायट्रोजनच्या थंडीत आणला तरी त्याला सगळं आठवतं. अशा पुंजक्यात याआधी असं कुणाला जमलेलं नाही. परिषदेत मी आलेख दाखवला तेव्हा मागच्या रांगेतले लोक उठून पुढे आले. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने तर लगेच तो बनवायला घेतलाय. सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, दिवसभर शीळ घालत फिरतात. लेख तपासणीला गेलाय. तो छापून आला की उन्हाळ्यात संपणारी माझी नेमणूक कायम होणार, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मोजणीचं यंत्रच हेलियमवर चालतं, म्हणून सध्या ते बंद आहे. हेलियमची एकच खेप यायची आहे, त्यानंतर कित्येक महिने मिळणार नाही. ती खेप लेखाच्या शेवटच्या डागडुजीसाठी राखून ठेवलीय.

तुझी पाठ कशी आहे? वाकून काम करणं कमी कर, हे मी लिहिणार आणि तू वाचून सोडून देणार. तरी लिहिते.

तुझ्या रागावण्यात कसूर होऊ देऊ नकोस, मला त्याची सवय आहे.

तुझी,
भिंगरी


ता. १६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा विसराळू रेणू मी आतापर्यंत बऱ्याच जणांना ऐकवला. त्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी तोंडातला कापूस निघताच विचारलं की, या रेणूला बायकोचा वाढदिवस आठवेल का. त्यांची बायको बाहेर बसली होती, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

तुझ्या बापाचं काय सांगू. बस चालवायची सोडल्यापासून त्याला रोजचा रस्ता राहिलेला नाही, म्हणून तो रोज न्हाव्याकडे जाऊन बसतो. डोक्यावर केस किती उरलेत ते तुला माहीत आहेच. तिथे त्याने जाहीर केलंय की मुलीने जगातला सगळ्यात लहान चुंबक बनवला. न्हाव्याने विचारलं, तो दिसतो का. हा म्हणाला, दिसला असता तर सगळ्यात लहान कसा असता. तेव्हापासून दुकानात त्याचं वजन वाढलंय.

मी ठीक आहे. पाठ कुरकुर करते, पण पाठीशी माझं जुनं भांडण आहे, ते चालू राहील. दवाखान्यात आता सकाळचीच माणसं बघते. दुपारी जरा पडते. वयाचा मान ठेवायला शीक असं मीच तुझ्या बापाला सांगायची, आता स्वतःला सांगते.

हे पत्र दोन बैठकांत लिहिलंय, तेव्हा अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. मजकुराकडे दे. म्हणजे मजकूर असा: जेवत जा, आणि प्रयोगशाळेतली खुर्ची बदलून घे.

मायेत खंड नाही, पत्रांत तूही पाडू नकोस.

आत्या


ता. ९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस. आधी तुझ्या अक्षराचं विचारते. मागचं पत्र तू होडीत बसून लिहिलंस का? बैठका दोन असोत की चार, तुझं अक्षर असं कधीच नव्हतं. मला खरं लिही.

आता माझं खरं.

त्या परदेशातल्या प्रयोगशाळेची ईमेल आली. त्यांच्या एका विद्यार्थिनीने माझा पुंजका माझ्याच कृतीने बनवला. रेणू जसाच्या तसा मिळाला, पण तो नायट्रोजनच्या थंडीत काहीच लक्षात ठेवत नाही. पुन्हा बनवला, पुन्हा तेच. तिच्या मार्गदर्शकांनी लिहिलं होतं की मुलगी नवखी आहे, तिचा हात बसलेला नाही, तेव्हा काही खाचाखोचा असतील तर कळवा. सर हसले. म्हणाले, चांगली गोष्ट पहिल्याच खेपेला सगळ्यांना जमली तर तिला चांगली कोण म्हणेल. मीही हसले, आत्या. आणि त्या मुलीला मदत म्हणून चार सूचना लिहून पाठवल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मी टेबल आवरत होते. आमच्याकडे द्रावण ढवळायला चमचा नसतो. भांड्यात पांढऱ्या आवरणाचा एक छोटा चुंबक सोडतात आणि भांडं एका यंत्रावर ठेवतात. यंत्रातला मोठा चुंबक खाली फिरला की वरचा भांड्यात गरगरतो. त्या यंत्राशेजारी माझ्या पुंजक्याच्या भुकटीची उघडी बशी होती. तपकिरी रंगाची, वाळलेल्या मातीसारखी दिसते. मी बशी उचलायला गेले, तर भुकटीतले काही काळे कण यंत्राच्या बाजूला सरकले. बशी फिरवली. ते वळून पुन्हा तिकडेच आले.

खोलीत चांगलं ऊन आलं होतं. इतक्या उबेत माझ्या रेणूने चुंबकाकडे सरकायचं काहीच कारण नाही. लोखंड सरकतं.

आता मला रोज एकच गोष्ट दिसते. मोजणी करताना मी नायट्रोजनच्या थंडीपर्यंत आले, तरी आठवण टिकून होती, आणि तिथेच थांबले. हेलियम वाचवायचा होता, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच्या वर मोजत गेले असते आणि ती आठवण पार खोलीच्या उबेपर्यंत तशीच राहिली असती, तर मला त्याच दिवशी कळलं असतं की हा रेणू बोलत नाहीये, मधे कुणी दुसराच बोलतोय.

सरांना सांगितलं. ते म्हणाले की टेबलावर कुठली ना कुठली धूळ पडतेच, मोजलेला नमुना वेगळा होता, आणि तपासणाऱ्यांनी जे विचारलं नाही ते आपण होऊन का विचारायचं. हेलियमची खेप या महिन्याच्या शेवटी येतेय. ती लेखासाठी वापरली तर लेख छापून येईल. मला शंका आहे ते तपासायला वापरली तर बहुधा लेख उरणार नाही, आणि मग मीही इथे उरेन की नाही कोण जाणे.

तुझ्यासमोर बसून विचारलं असतं तर तू आधी तोंड उघड म्हणाली असतीस. तसंच समज.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
भिंगरी


ता. १८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र टाइप केलंय. दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी शिकवलं. त्या माझ्यापेक्षा भराभर टाइप करतात, पण हे त्यांना सांगून लिहून घ्यायचं नव्हतं.

होडी नव्हती. हात आहे.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. एका बाईंच्या मागच्या दाढेत बघत होते. आपला तो छोटा आरसा असतो ना लांब दांडीचा, तो दातावर टकटक वाजायला लागला. मी थांबले, पुन्हा धरला, पुन्हा टकटक. त्या बाईंनी विचारलं, खोलीत गार वाटतंय का तुम्हाला. मी हो म्हणाले आणि खिडकी लावली. मदतनीस बाई हत्यारं मोजत राहिल्या, जणू काही वाजलंच नाही.

कुणाला कळलं नव्हतं, भिंगरी. कुणी विचारलंही नसतं. दाढ भरून झाली, चांगली भरली गेली, त्या बाई आभार मानून गेल्या. मग मी दार लावलं, उजव्या हातात ड्रिल घेतलं आणि त्याच्या टोकाकडे बघत उभी राहिले. टोक हवेत लहानसं वर्तुळ काढत होतं. चाळीस वर्षं लोकांनी माझ्यासमोर डोळे मिटून तोंड उघडलं. ते टोक बघितल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाला तोंड उघड म्हणणं मला शक्य नव्हतं. त्यानंतर मी फक्त तपासते, औषध देते, आणि ड्रिलचं काम असेल त्यांना दुसरीकडे पाठवते. तुला आणि तुझ्या बापाला सांगितलं नाही, कारण मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं धाडस व्हायला वेळ लागला.

आता जाऊन आले. त्यांनी कागदावर गोगलगाईच्या पाठीवर असतो तसा वळसा काढायला लावला. माझी गोगलगाय कुणीतरी तुडवल्यासारखी निघाली. पण मी ज्या कंपवाताला घाबरत होते तो आजार नाही. नुसताच कंप आहे. काही कुटुंबांत असतो, वाढला तरी सावकाश वाढतो. गोळ्यांनी पेला धरता येईल, असं ते म्हणाले. ड्रिलचं मी विचारलं नाही. मी उत्तर आधीच बघितलं होतं.

तू काय करावंस हे मी लिहिणार नाही. तुझे कण तू बघितलेस. एवढंच विचारते की ते सरकताना बघितल्यावर, तो लेख छापून आला तर तो तू कुणाला हौसेने दाखवशील?

इथे परत यावं लागलं तर तुझी खोली आहे. तुझ्या बापाने तिथे जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवलीत, ती हलवता येतील.

आहे तशीच, तुझीच,
आत्या


ता. ७ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून वाचलं. पहिल्यांदा खूप राग आला, तू एवढे दिवस एकटी होतीस म्हणून. मग आजाराचं वाचून हायसं वाटलं, आणि मग डोळे पुसून वर गेले. बाकीचं भेटीत भांडू.

सरांना मी सांगितलं की खेप मला तपासणीसाठी हवी. त्यांनी खेपेचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले की परिणाम काय होतील हे तुला ठाऊक आहे. मी हो म्हणाले. मग ते म्हणाले की नमुना तरी धड कर, अर्धवट तपासणी नको. ते शीळ घालत नव्हते, पण खेपेच्या कागदावर त्यांनी माझंच नाव टाकलं.

मी पुंजका नव्याने बनवला. ढवळायचा चुंबक नाही, धातूचा चमचा नाही, काचेच्या कांडीने हाताने ढवळलं. मनगट भरून आलं. मग द्रावण शांत ठेवून दिलं, स्फटिक सावकाश वाढू दिले. काळपट तांबूस, लांबट, कडा अगदी धारदार. भिंगाखाली प्लॅस्टिकच्या चिमट्याने एकेक निवडला, धुतला, यंत्रात ठेवला.

नायट्रोजनच्या थंडीत काही नाही, आत्या. सपाट. त्या परदेशातल्या मुलीचं अगदी बरोबर होतं. जुनी भुकटी ठेवून खोलीच्या उबेपर्यंत मोजली, तर तिची आठवण टिकलेली. मग ढवळायचा जुना चुंबक शोधून काढला. त्याच्या पांढऱ्या आवरणाला टोकाशी चीर होती, आत गंज. प्रत्येक वेळी तो आपला थोडा थोडा चुरा माझ्या पुंजक्यात मिसळत होता. बाबांना सांग, शेवटी त्यांचंच खरं ठरलं. मी लोखंडाचंच काहीतरी करत होते.

लेख मागे घेतला. कारण स्पष्ट लिहिलं. परदेशातल्या प्रयोगशाळेलाही लिहिलं, आणि त्या मुलीला वेगळं लिहिलं की तुझा हात चांगला आहे, चूक माझ्या भांड्यात होती, आणि मी तुला पाठवलेल्या सूचना फाडून टाक.

एक गोष्ट मात्र उरली. यंत्रात थोडा हेलियम शिल्लक होता, म्हणून स्फटिक अगदी तळाच्या थंडीत नेले. तिथे त्यांना खरंच आठवतं. आणि चुंबकाचा जोर बदलत नेला की आलेखाची रेघ सरळ उतरत नाही, पायऱ्या पायऱ्यांनी उतरते. रेणू एका दिशेकडून दुसऱ्या दिशेला जाताना मधला चढ चढतच नाही, ठरावीक ठिकाणी आरपार निघून जातो, त्याच्या त्या पायऱ्या. भुकटीत लोखंडाच्या गोंगाटात त्या बुजून गेल्या होत्या. फार मोठी गोष्ट नाही, इतरांनीही इतर रेणूंत बघितलीय. पण इतक्या स्वच्छ पायऱ्या मी कधी बघितल्या नव्हत्या. मी त्यांच्याकडे बघतच बसले.

नेमणुकीचं सर काही बोललेले नाहीत. मीही विचारलं नाही.

गोळ्या वेळेवर घे. इथून नजर ठेवून आहे.

तुझी,
भिंगरी


ता. २२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाला तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. माझ्या हाताचंही त्याच बैठकीत सांगून टाकलं, म्हणजे त्याला एकदाच काय ते बसायला लागेल. तो उठला आणि टोपी घालून बाहेर गेला. मला वाटलं, बिचारा आता न्हाव्याच्या दुकानावरून कसा जाईल. तर हा सरळ दुकानातच गेला. न्हावी मागाहून मला सांगत होता. याने खुर्चीत बसून जाहीर केलं की मुलीचा चुंबक चुकला. मग म्हणाला की तो चुकलाय हे साऱ्या जगात आधी तिनेच सांगितलं, आणि मी इतकी वर्षं बस चालवली, पण स्वतःची चूक भोंगा वाजवून सांगणारा ड्रायव्हर मला एकही भेटला नाही. न्हाव्याने त्या दिवशी त्याची दाढी फुकट केली.

परत येऊन त्याने माझा हात हातात घेतला आणि थरथर बघत बसला. मग म्हणाला, आपल्या आईची सुई अशीच हलायची. मला आठवत नव्हतं. त्याला होतं.

दवाखान्याचं ठरलं. एक तरुण दंतवैद्य येतोय. चांगला आहे, पण डावखुरा. त्याने आल्या आल्या दिवा, खुर्ची, हत्यारांचा ट्रे, सगळं उलट्या बाजूला नेलं. मी रोज नसलेल्या टेबलावर चष्मा ठेवायला जाते. त्याने मला विनंती केलीय की मी तिथे येऊन नुसतं बसत जावं. माणसं त्याला बघून बिचकतात, मला बघून निजतात. काल एक थोराड गडी, हमाल आहे, सुई बघून पांढराफटक पडला. मी त्याचा हात धरून बसले. माझा हात थरथरत होता, त्याचाही थरथरत होता. थोड्या वेळाने तो मला म्हणाला, घाबरू नका डॉक्टर, मी आहे. तोवर त्याची दाढ निघालीसुद्धा होती.

तुझ्या पायऱ्या मला कळल्या नाहीत, पण तू त्यांच्याकडे बघत बसलीस हे कळलं.

तुझ्यावरचा जीव उणा होणार नाही, खात्री असू दे.

आत्या


ता. ३० मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या भोंग्याचं वाचून मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. नंतर जरा रडलेही, पण तेव्हा दार लावलं होतं.

नेमणूक कायम झाली नाही. एका वर्षाने वाढली. सरांनी पत्र हातात देताना सांगितलं की नेमणुकीच्या समितीत कुणीतरी मागे घेतलेल्या लेखाचा विषय काढला, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की माझ्या विभागातले आकडे तुम्ही डोळे मिटून वापरू शकता, ते तिच्यामुळे. एवढं सांगून ते पटकन गेले. एक वर्ष पुष्कळ आहे. पायऱ्यांवर लेख लिहायला घेतलाय.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. त्या परदेशातल्या मुलीचं उत्तर आलं. मला तिच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. ती लिहिते की माझी ईमेल आली तेव्हा ती आपल्या टेबलाचे खण रिकामे करत होती. सगळा हिवाळाभर तिने माझा पुंजका पुन्हा पुन्हा बनवला होता. प्रत्येक वेळी सपाट रेघ, आणि प्रत्येक वेळी तिला सांगितलं जायचं की तुझाच हात वाईट. तिलाही ते पटलं होतं. तिने घरी कळवून टाकलं होतं की मी हे शिक्षण सोडतेय. माझं पत्र तिने उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग खणातून काढलेल्या वस्तू एकेक करून परत आत ठेवल्या.

आत्या, मी माझ्या नोकरीचा विचार केला होता, सरांचा केला होता, बाबांच्या न्हाव्याचासुद्धा केला होता. या मुलीचा मी विचारच केला नव्हता. मी गप्प बसले असते तर ती गेली असती, आणि का गेली हे मला कधी कळलंही नसतं.

तिने पुढे विचारलं होतं की तिच्याकडे हेलियम आहे, तर तिने तिचे स्फटिक तळाच्या थंडीत नेऊन बघावेत का. मी लगेच हो कळवलं. माझा आलेख मात्र मुद्दाम पाठवला नाही. तिला काय दिसायला हवं हे आधी ठाऊक नसलेलं बरं.

आज दुपारी तिचा आलेख आला. मी तो पातळ कागदावर छापला, माझाही छापला, आणि दोन्ही एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. बाहेर लख्ख ऊन होतं. पहिली पायरी पहिलीवर बसली. दुसरी दुसरीवर. मग पुढची. दोन रेघा आहेत हे ओळखू येईना. मागे सर कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांनी विचारलं की यातला तुझा कोणता. मी सांगायला गेले, आणि मला सांगता आलं नाही. कागद काचेवरून काढून कोपऱ्यातलं नाव बघावं लागलं.

बाबांना नमस्कार. तुझ्या लोभावर माझा हक्क आहे, तो तसाच चालू ठेवावास.

तुझी,
भिंगरी